युनियनचा भोंगा आणि सुविधाचं स्टूल

हॅलो... हॅलो... वन, टू, थ्री...

मागे ऐकू येतंय ना? घाबरू नका. मोर्चा नाही, पाण्याचा टँकर आलेला नाही, आणि मी मतंही मागत नाही. आज माझ्या तोंडाला कुणाचंच तोंड लागलेलं नाही. तीस वर्षं दुसऱ्यांचं बोलून झालं, आता माझं मी बोलतोय. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका कामगार युनियनचा मी भोंगा. हातात धरायचा, पांढरा, तांबड्या काठाचा, आठ मोठे सेल खाणारा. पांढरा होतो, असं म्हणू. आता चहात बुडवून काढलेल्या बटरासारखा दिसतो.

आधीच सांगून ठेवतो, माझा स्वभाव तापट आहे. हळू बोलणं मला जमत नाही. सेल उतरले की नाक धरून बोलल्यासारखा बोलतो, आणि कुणी आवाज नको तितका वाढवला की 'कुंईंई' करून किंचाळतो. शिवाय माझ्या मुठीजवळ एक लाल बटण आहे. ते दाबलं की सायरन वाजतो. ते बटण नको तेव्हा दाबलं नाही असा एकही वक्ता मी अजून बघितलेला नाही.

माणसांची एक गंमत मला कधी कळली नाही. मला हातात घेतलं की सगळे वन, टू, थ्री म्हणतात. चार कुणी म्हणत नाही. आणि 'मी फक्त दोनच शब्द बोलतो' असं म्हणून ज्यानं मला उचललं, त्याच्या हातातून मी उन्हं उतरल्याशिवाय सुटलो नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते ठाऊक नाही. माझ्या खोक्यावर लिहिलं होतं, ते खोकं पहिल्याच पावसाळ्यात वाळवीनं खाल्लं. शहाण्णव साली डिचोलीच्या बाजारातल्या एका दुकानात मी सायकलच्या ट्यूब आणि टॉर्च यांच्यामध्ये बसलो होतो. तिथून मला खाण कामगारांच्या युनियननं विकत घेतलं. घ्यायला आले होते सगुणमामा. तेव्हा ते मामा नव्हते, तरणेबांड डंपर ड्रायव्हर होते. त्यांचे वडील सावंतवाडीकडून खाणीवर काम करायला आले आणि लाटंबार्शात घर करून राहिले. सगुणमामांचा आवाज आधीच असा की डंपर बंद न करता पलीकडच्या डंपरवाल्याशी गप्पा मारायचे. मला वाटलं, ह्या माणसाला माझी गरजच काय? पण पुढे कळलं, गरज आवाजाची नव्हती. मी हातात असलो की लोक वळून बघतात.

पहिल्या दिवशी त्यांनी मला पाटावर ठेवलं, माझ्या काठाला कुंकू लावलं, नारळ फोडला आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडची ही रीत. नवा ट्रक असो, पेरणी असो, नाटकाचा पडदा उघडायचा असो, आधी गाऱ्हाणं. जाणता गावकर हात जोडून देवाला एकेक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पेडणे-डिचोलीतल्या माणसाच्या कानावर हे पाळण्यात असल्यापासून पडतं. त्यामुळे 'बा देवा म्हाराजा' ऐकू आलं की त्याचे हात जोडले जातात, डोळे मिटतात आणि तोंडातून व्हय निघतं. मध्ये विचार करायला सवडच नसते. आणि देवासमोर एकदा व्हय म्हटलं की मागाहून नाय म्हणायची इथे कुणाची छाती नाही. हे जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग काय विचारता! ते दिवस माझे होते. खाणीच्या गेटीवर सकाळी सातला चहा आणि उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, व्हायचे, आणि मग घोषणा. उंडे संपल्याशिवाय आमच्यात लढा सुरू होत नसे. मागण्या काय होत्या म्हणाल, तर फार मोठ्या नव्हत्या. जेवायला सावली पाहिजे. प्यायला स्वच्छ पाणी पाहिजे. नाकातोंडात तांबडी धूळ जाते, तर वर्षातून एकदा डॉक्टरनं छाती तपासली पाहिजे. सावलीसाठी सात महिने लागले. शेवटी पत्र्याची शेड उभी राहिली, त्या दिवशी सगुणमामा त्या शेडीत बसून जेवले आणि रडले. मासळीची आमटी तिखट होती म्हणाले. मी शेजारीच होतो, आमटी तिखट नव्हती.

चुका आमच्याही झाल्या, लपवत नाही. एकदा आठ दिवस आम्ही एका मॅनेजरच्या नावानं मुर्दाबाद केलं आणि नवव्या दिवशी कळलं, त्याची बदली होऊन महिना झाला होता. नवीन आलेला मॅनेजर खिडकीत उभा राहून आमच्याबरोबर मुर्दाबाद म्हणत होता. एकदा युनियनमध्ये दोन पुढाऱ्यांचं बिनसलं आणि युनियन फुटली. टेबलं-खुर्च्या वाटून झाल्या, माझे दोन तुकडे करता येईनात. मग ठरलं, पंधरा दिवस मी ह्यांच्याकडे आणि पंधरा दिवस त्यांच्याकडे. दोघेही मला पाठवताना सेल काढून ठेवायचे. असं वर्षभर चाललं. मग विठ्ठल नावाच्या एका कामगाराला अपघात झाला, रक्त पाहिजे होतं, आणि दोन्हीकडचे लोक इस्पितळाच्या एकाच बाकावर बाह्या वर करून बसले. तिथेच भांडण मिटलं. मला वाटतं युनियन म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. घोषणा मी रोजच देत होतो, पण आजारपणात डबा पोचवणारे, पोराच्या शाळेसाठी खेटे घालणारे, मेल्यावर खांदा द्यायला पहिले येणारे हेच लोक होते.

आणि मग खाणी बंद पडल्या.

दोन हजार बारा साल. कोर्ट, कायदे, कागद, त्यातलं मला कळत नाही. एवढंच आठवतं की सगुणमामा मला घेऊन नेहमीसारखे गेटीवर गेले. गेट होतं. गेटीच्या आत कुणी नव्हतं. त्यांनी मला तोंडाशी नेलं, वन टू थ्री म्हटलं आणि थांबले. जिंदाबाद कुणाला म्हणायचं आणि मुर्दाबाद तरी कुणाला? डंपर ओळीनं उभे होते, त्यांच्या टायरांमधून गवत यायला लागलं होतं. मला तेव्हा फार भीती वाटली. मामांनी मला काखेत मारलं आणि चालत घरी आले.

त्यानंतरचे माझे हाल विचारू नका. मामांच्या बायकोनं, गंगामामीनं, मला कपाटावर ठेवलं. एका कोंबडीला माझं तोंड आवडलं. तिनं माझ्यात चार अंडी घातली. ज्या तोंडातून 'कामगार एकजुटीचा विजय असो' निघायचं, त्या तोंडातून पिल्लं निघाली! मयेच्या तळ्यावर मला दोन महिने उसनं नेलं, 'पेडलबोट नंबर सात, वेळ संपलो, परत येयात' असं ओरडायला. नंबर सातवाले नवं लग्न झालेलं जोडपं होतं, ते काही परत आले नाहीत. एका सहलीला तेरेखोलच्या किल्ल्यावर नेलं आणि तिथेच विसरून आले. फेरीबोटीवाल्यानं ओळखून परत पाठवलं.

पण मामांनी एक गोष्ट केली, ती घराबाहेर फारशी कुणाला ठाऊक नव्हती. खाण नाही, कामगार पांगले, तरी दर वर्षी ते पणजीला जाऊन युनियनचे कागद भरून यायचे. सभासद उरले होते अकरा म्हातारे, त्यातले दोन बहिरे. गंगामामी म्हणायची, "मेल्या म्हशीक कित्याक पेंड घालतात?" मामा म्हणायचे, "मरूक नाय गो, पडून आसा."

दर उन्हाळ्यात मात्र मला एक काम असायचं. शेजारची सुविधा मला काजूच्या बागेत न्यायची. लाटंबार्शात काजू पिकायला लागले की माकडांच्या टोळ्या येतात. सुविधा झाडाखाली उभी राहून लाल बटण दाबायची, सायरन वाजायचा, आणि माकडं आधी घाबरायची, मग थोडी लांब जाऊन बसायची. नंतर नंतर तर ती माझी चेष्टा करायला लागली. सुविधा तिशीतली, शिडशिडीत, बोलायला कमी. नवऱ्याला अपघातानंतर जड काम जमत नव्हतं, त्यामुळे घर तिच्याच कामावर चालायचं. ती काम करायची पेडणे तालुक्यातल्या एका औषधांच्या कंपनीत. सकाळी कंपनीची बस यायची, त्यातून चाळीसेक बायका जायच्या. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची, आठ तास, उभ्यानं. कंपनीच्या नव्हत्या त्या, ठेकेदाराच्या. अकरा महिने झाले की नेमणुकीचा कागद नवा.

ह्या वर्षी काजूचा हंगाम नुकताच संपला होता, आणि एका दुपारी सुविधा दारात आली.

"मामानु, भोंगो होयो होतो."

मामा पेपर वाचत होते. "काजी सोपले मगे. आता खयली माकडां?"

"माकडां नाय वो. कंपनी." आणि ती तिथेच पायरीवर बसून रडायला लागली.

मामीनं पाणी दिलं, मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आठ तास उभं राहून बायकांचे पाय सुजत. तिच्याबरोबरच्या रेश्माच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या होत्या. बायकांनी बसायला स्टुलं मागितली. उत्तर आलं, पॉलिसीत नाही. दुसऱ्यांदा मागितली. उत्तर आलं, बसलं की कामाचा वेग कमी होतो. तेव्हा सुविधानं काय केलं, तर घरातलं तांबडं प्लास्टिकचं स्टूल उचललं, बसमधून मांडीवर घेऊन गेली आणि पाकिटांच्या टेबलापाशी मांडून त्यावर बसली. त्या दिवशी तिनं नेहमीपेक्षा जास्त खोकी भरली. आणि संध्याकाळी तिचा गेटपास काढून घेतला. उद्यापासून यायचं नाही म्हणाले. स्टूल गेटीवरच्या केबिनमध्ये जप्त, त्याला एक चिठ्ठीही बांधली.

"कामार्सून काढला ता काढला," सुविधा डोळे पुसत म्हणाली, "माजा स्टूल कित्याक धरून ठेवला? तेना काय केला?"

 मी कपाटावरून बघत होतो. मामांचे गुडघे गेलेले, आवाज बसलेला, वय साठीपलीकडे. ते म्हणाले, "माजो काळ गेलो गो बाय. आता तशी युनियन रवली खय?"

गंगामामी तांदूळ निवडत होती, ती ताट खाली ठेवून म्हणाली, "पणजेक जाऊन दर वर्षा कागद भरतात ता कोणासाटी? त्या अकरा जाणत्यांसाटी? चेडवा उबी रवान मरतत आनी तुमी खुर्चेर बसान पेपर वाचतात!"

मामांनी पेपराची घडी घातली. मग खुर्चीवर चढून मला खाली काढलं, आतलं कोंबडीचं पीस झटकलं आणि म्हणाले, "पयलो कागद, मगे भोंगो."

मी हिरमुसलो, खोटं कशाला बोलू? पण मामांचं बरोबर होतं. पंधरा दिवस नुसते कागदच चालले. अकरा म्हाताऱ्यांची सभा भरली, खाण कामगारांच्या युनियनमध्ये आता कुठलाही कामगार येऊ शकेल असा ठराव झाला. एका बहिऱ्यानं विचारलं, बायका आल्यावर आपल्याला बोलायला मिळेल काय? दुसरा बहिरा म्हणाला, आता तरी कोण ऐकतंय? मग बायकांच्या सह्या. पहिली सही करायला कुणी पुढे येईना. ठेकेदाराला नाव दिसलं तर? कागद ह्या मांडीवरून त्या मांडीवर. शेवटी गंगामामीला राग आला, तिनं पेन ओढून घेतलं आणि पहिली सही ठोकून दिली. मामी कंपनीत कामाला नव्हतीच! ती सही खोडावी लागली. पण तोवर तिच्या खाली चाळीस सह्या झाल्या होत्या. कागद कंपनीला गेला, एक कामगार खात्याला गेला, आणि मग माझ्या पोटात आठ नवे सेल पडले. अहाहा! पोट भरल्याचं सुख काय असतं ते मला विचारा.

कंपनीच्या गेटीवर पहिली सभा सकाळच्या पाळीआधी झाली. मामांनी मला तोंडाशी धरलं, वन टू थ्री म्हटलं आणि जोरात आरोळी ठोकली, "खाण कामगार एकजुटीचो..." बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सवयीचा परिणाम! दुरुस्ती केली, तरी 'विजय असो' म्हणताना बायकांचा आवाज मांजर अंगावरून गेल्यासारखा निघत होता. घोषणा त्यांनी जन्मात दिलेली नव्हती. पदर तोंडाला लावून विजय असो म्हटलं तर विजयाला तरी कसं ऐकू जाणार?

तेवढ्यात गेटीतून गोकुळदास सर बाहेर आले. हे कंपनीचे माणसांचे कामकाज बघणारे अधिकारी. पेडणे तालुक्यातल्याच एका गावचे, शिकलेले, टाय लावणारे. माणूस वाईट नव्हता. पण त्यांचा एक शब्द होता, 'पळोवया'. म्हणजे बघूया. सुविधाला परत घ्या? पळोवया. स्टुलं द्या? पळोवया. स्टूल तरी परत द्या! पळोवया. खाणीवरचे मॅनेजर निदान नाय म्हणायचे, नाय म्हटलं की भांडता येतं. पळोवयाशी भांडायचं कसं?

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस बसमध्ये चढला आणि म्हणाला, नवीन पोरी बोलावल्या आहेत, सोमवारी येतील. तो गुरुवार होता. सुविधाच्या जागी माणूस आलं की संपलं, मग सह्यांचं आणि कागदाचं कोण विचारतो? चौथ्या दिवशी शुक्रवारी गेटीवर चाळीसांतल्या तेराच बायका उभ्या राहिल्या. बाकीच्या बसमधून उतरून खाली मान घालून आत गेल्या. आणि त्यात मामांचा घसा पार बसला. तोंड उघडलं तर नुसती हवा.

मामांनी मला सुविधाच्या हातात दिलं. ती मागे सरली. "मामानु, माका बोलूक येणा नाय. मी फकत माकडांक..."

मामांनी हातानंच खूण केली, बोल.

तिनं मला धरलं आणि व्हायचं तेच झालं. तिचं बोट सवयीनं लाल बटणावर गेलं. सायरन असा कोकलला की केबिनमधला नारायण, म्हणजे गेटीवरचा रखवालदार, चहाचा पेला सोडून उभाच राहिला. आत गेलेल्या बायका धावत बाहेर आल्या, त्यांना वाटलं आग लागली. कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. आणि बघता बघता तेराच्या चाळीस झाल्या. माझ्या सायरनचा एवढा चांगला उपयोग तीस वर्षांत झाला नव्हता.

आता सगळ्या सुविधाकडे बघत होत्या. तिनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. भाषण तिला येत नव्हतं. घोषणा लाज वाटे म्हणून निघत नव्हती. तिनं डोळे मिटले, आणि लहानपणापासून जे ऐकलं होतं तेच तिच्या तोंडातून आलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीस आवाज एकदम. पदर तोंडावरून खाली आले होते.

एक म्हातारी हळूच म्हणाली, "गो, गाऱ्हाणा गावकारान घालूचा असता. बायलेन घालता काय?"

सुविधानं डोळे उघडले नाहीत. "गेटीर गावकार नाय, म्हणान मी घालतंय," ती म्हणाली आणि आवाजाची चकती तिनं शेवटपर्यंत फिरवली. "बा देवा म्हाराजा! आज तुजी लेकरां ह्या गेटीर उबी आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"आठ-आठ तास उबी आसत! तू सुद्दा देवळात बसतस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात नारायणचाही आवाज होता. पेला त्याच्या पायाशी लवंडलेला, हात जोडलेले.

"ह्या कंपनीक बरकत दी! आमच्या हातच्यो गोळयो खाऊन दुखणेकरी बरे होऊंदेत!"

"व्हय म्हाराजा!"

"गोकुळदास सरांच्या घरात सुख दी! तेंची खुर्ची गरगर फिरता, तिका कोणाची नजर लागूक नाका!"

"व्हय म्हाराजा!" हसू दाबत.

सुविधाचं तोंड बायकांकडे आणि पाठ गेटीकडे होती. तिला दिसत नव्हतं, पण मला दिसत होतं. गोकुळदास सर सायरन ऐकून आतून तावातावानं येत होते. टाय उडत होता. हे काय चाललंय, बंद करा, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलेलं होतं. पण चालता चालता गाऱ्हाणं त्यांच्या कानांवर पडलं. पाऊल हळू झालं. सुविधाच्या अगदी मागे येऊन ते थांबले, आणि बघतो तर हात जोडलेले, डोळे मिटलेले. आजोबांचा हात धरून देवळात उभं राहिलेलं पोर असतं तसे उभे होते.

"आनी एकच मागणा म्हाराजा!" सुविधाचा आवाज फाटला. "जो कोण आमका बसूक देणा नाय, तेका बुद्दी दी! ह्या सुविधाचा काम आनी ह्या सुविधाचा स्टूल, दोनय ह्या गेटीतसून परत भितर जाऊंदी रे म्हाराजा!"

एवढं बोलून तिला रडू फुटलं आणि तिनं मला तोंडापासून खाली घेतलं. बोट मात्र बोलायच्या खटक्यावर दाबलेलंच. माझं ज्यात बोलतात ते मागचं तोंड आता तिच्या पाठीमागे, गोकुळदास सरांच्या टायसमोर. बायकाही पदरानं डोळे पुसत होत्या, त्यांचा व्हय निघायला क्षणभर उशीर झाला. त्या क्षणभरात एकाच माणसाचा आवाज आला. तो माझ्यातून गेला, चकती शेवटपर्यंत फिरवलेली होती, आणि आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांच्या भिंतींवर आदळला.

"व्हय म्हाराजा!"

सरांनी डोळे उघडले. सगळं गेट त्यांच्याकडे बघत होतं. शेजारच्या कंपनीचे लोकही कुंपणावर येऊन बघत होते. सरांचे कान तांबडे झाले. "म्हणजे... तसं नव्हे... पळोव..."

"सर," नारायण केबिनच्या दारातून गंभीरपणे म्हणाला, "आता देवाक सांगून चुकलात." आणि त्यानं आत जाऊन सुविधाचं स्टूल आणलं, चिठ्ठी सोडवली आणि गेटीच्या मधोमध ठेवलं.

तुम्हाला वाटेल, देवानं केलं, झालं. तसं नसतं. सगुणमामांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, चाळीस सह्यांचा, गंगामामीची खोडलेली सही धरून एकेचाळीस. घसा नव्हता म्हणून ते सरांच्या कानाशी जाऊन पुटपुटले, पण मी जवळ होतो. "देवाम्होर व्हय झाला, सायबा. आता कागदार करूया. देव विसरूचो नाय, पण माणूस विसरता."

सरांनी बराच वेळ कागद वाचला. आत जाऊन फोन केले, एक वरच्या साहेबाला, एक कामगार खात्यात. ऊन डोक्यावर आलं तेव्हा ते परत आले. त्यांनी सुविधाचा गेटपास तिच्या हातात दिला. स्टुलांचं लगेच नाही झालं. आधी दोघींत एक, एक तास तू बस, एक तास मी. मग कामगार खात्यात बैठका, मग परत गेट, आणि दिवाळीच्या आधी प्रत्येकीला स्टीलचं एक. पण त्या दिवशी सुविधा आपलं तांबडं स्टूल डोक्यावर घेऊन गेटीतून आत गेली, आणि पाठून एकूणएक बायका, पदर खोचून, घोषणा देत. कुणाला शिकवावं लागलं नाही.

सर मागे राहिले. इकडे तिकडे बघून मामांना हळूच म्हणाले, "मामा, एक विचारू? माझाही कागद अकरा महिन्यांचाच आहे. आम्हाला कोण घेतं का युनियनमध्ये?"

मामांना बोलता येत नव्हतं. ते नुसते हसले आणि त्यांनी गोकुळदास सरांच्या पाठीवर थाप मारली.

माझं काय झालं म्हणता? त्या दिवशीचा तो व्हय माझा शेवटचा शब्द. आवाज शेवटापर्यंत ताणलेला, आणि वर सरांचा तो आजोबांकडून आलेला गळा. आतला पडदा फाटला. मामांनी दोन ठिकाणी दाखवलं, दोघांनी मान हलवली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. तोंड असून बोलता येत नाही हे दुःख माझ्यासारख्या बडबड्याला विचारा. आता बायकांचा मोबाईलवर ग्रुप आहे. त्यावर सभेचे निरोप येतात, आणि निरोपांपेक्षा जास्त फुलांची चित्रं आणि शुभ सकाळ येते. सभेला बटाट्याएवढा काळा स्पीकर आणतात. त्याला सायरन नाही. बिचारा.

लाटंबार्शात युनियनची एक छोटी खोली आहे, मी तिथे असतो. स्टीलची स्टुलं आल्यावर सुविधानं आपलं तांबडं स्टूल कंपनीतून घरी नेलं नाही, ह्या खोलीत आणलं. आणि त्यावर मला ठेवलं. शनिवारी ती येते, फडक्यानं मला पुसते, एकदा खटका दाबून बघते. माझ्यातून 'खर्र' असं काहीतरी निघतं. "आसा, आसा," ती मामांना सांगते, "मरूक नाय, पडून आसा." तीस वर्षं मी लोकांच्या हातात उभा होतो. आता बसलोय.

जाता जाता मलाही एक गाऱ्हाणं घालू द्या. जन्मभर दुसऱ्यांचं घातलं, माझं हे पहिलंच. माझा आवाज गेलाय, तेव्हा तुम्हालाच जवळ येऊन ऐकावं लागेल.

बा वाचकांनो म्हाराजा! तुम्ही कपड्यांच्या दुकानात जाल, औषधाच्या दुकानात जाल, मोठमोठ्या थंड इमारतींत जाल. तिथे सकाळपासून उभं असलेलं कुणीतरी तुम्हाला हसून नमस्कार करील. नमस्कार घ्या. आणि त्याच्या मागे, भिंतीशी, त्याला टेकायला एक स्टूल आहे काय, तेवढं वाकून बघा. नसलं तर कुणाला तरी विचारा, का नाही म्हणून. एकदा विचारून भागलं नाही तर दोघांनी मिळून विचारा. बघाल ना रे म्हाराजा?

...

ऐकू नाही आलं. मागच्यांनी पण म्हणा. परत एकदा!